गस्तीच्या गाडीतले भरलेले शस्त्र: हात किती वेळा लागतो ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या स्थानकाच्या रात्रगस्तीच्या गाडीत चौघे असतात आणि त्यांच्यापाशी एक पिस्तूल, एक कार्बाइन आणि दोन रायफली असतात. मागच्या महिन्यात गाडीतून उतरताना एका शिपायाच्या रायफलीतून गोळी सुटली आणि गाडीचा तळ फोडून रस्त्यात गेली. सुदैवाने कोणाला लागली नाही. त्यानंतर 'शस्त्र नेहमी सेफ्टीवर असावे' असा लेखी आदेश निघाला, आणि एवढ्याने भागेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते भागणार नाही. मी 31 वर्षे पोलिसांत काढली आणि त्यांतली बरीचशी कोतात, म्हणजे शस्त्रे सांभाळण्यात, दुरुस्त करण्यात आणि नव्या पोरांना ती हाताळायला शिकवण्यात गेली. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी एका शब्दाविषयी. अशा घटनेची बातमी छापताना वर्तमानपत्रे 'मिसफायर होऊन पोलीस जखमी' असे लिहितात आणि आपले लोकही जबाबात तोच शब्द वापरतात. मिसफायर म्हणजे ट्रिगर दाबूनही काडतूस न पेटणे, म्हणजे घडले त्याच्या नेमके उलट. शब्द चुकला तर बिघडले कुठे, असे वाटेल. पण 'मिसफायर' लिहिले की दोष शस्त्राच्या माथी जातो, शस्त्र तपासणीला कोतात येते, आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा, ते निर्दोष असल्याचा दाखला देतो आणि फाईल बंद होते. माझ्या टेबलावर अशी जी शस्त्रे आली त्यांतली बहुतेक ठणठणीत होती. गाडीत नेमके काय घडले हे विचारायला कोणी गेले नव्हते.

गोळी सुटण्यासाठी काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, किंवा बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाच्या, वाटेवर असावे लागते, आणि मग काडतुसावर घाव घालणारा हॅमर, स्ट्रायकर किंवा बोल्ट मोकळा सुटावा लागतो. सेफ्टी फक्त यातल्या दुसऱ्या गोष्टीला अडवते, आणि तीही कोणाचा हात किंवा गाडीतली एखादी वस्तू तिला खाली ढकलत नाही तोवरच. म्हणून मी सेफ्टीला शेवटचे कुलूप मानतो, पहिले नव्हे. शस्त्राची स्थिती जितक्या वेळा बदलते, म्हणजे मॅगझिन (काडतुसांची पेटी) लागते-निघते, बोल्ट मागे-पुढे होतो, पिस्तूल होल्स्टरमधून बाहेर येते आणि आत जाते, तितक्या वेळा चुकीला वाट मिळते. एकदा मी एका गस्तीच्या गाडीत मागच्या बाकावर वही घेऊन बसलो आणि कोणाचाही हात शस्त्राला लागला की रेघ ओढत गेलो. चहाला थांबणे, लघवीला उतरणे, मागे बसलेल्याने पुढे येणे, तपासणी नाक्यावर खाली उतरून पुन्हा चढणे, प्रत्येक वेळी एखादे शस्त्र या हातातून त्या हातात जात होते. पहाटेपर्यंत पान उलटावे लागले. त्या रात्री गोळी एकही झाडली गेली नव्हती आणि झाडण्याची गरजही पडली नव्हती.

यावरून मी जो नियम शिकवत आलो तो एका वाक्याचा आहे: गाडीच्या आत शस्त्राची स्थिती बदलायची नाही. ते ज्या स्थितीत गाडीत चढले त्याच स्थितीत उतरेल; भरायचे असो वा खाली, म्हणजे रिकामे, करायचे असो, पाय जमिनीवर टेकलेले असताना, ठरलेल्या जागी आणि दुसऱ्या माणसाच्या देखत. बाकीचे सगळे या वाक्याच्या पोटात येते. मात्र कोणत्या शस्त्राने कोणत्या स्थितीत गाडीत चढावे, हे शस्त्रागणिक वेगळे आहे, आणि तुमच्या आदेशात 'शस्त्र' हा एकच शब्द सगळ्यांना लावला आहे ही त्याची मोठी उणीव आहे.

कार्बाइनचे उदाहरण घ्या, कारण तिच्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे. आपल्याकडची जुनी 9 मिलिमीटरची कार्बाइन स्टर्लिंगच्या घडणीची आहे. ती उघड्या बोल्टवर चालते: कॉक केल्यावर बोल्ट मागे अडकून राहतो, चेंबर रिकामेच असते, आणि ट्रिगर दाबला की बोल्ट पुढे धावत मॅगझिनमधले काडतूस उचलतो, चेंबरमध्ये ढकलतो आणि त्याच धावेत पेटवतो, कारण फायरिंग पिन बोल्टच्या तोंडावरच पक्की बसवलेली असते. त्यामुळे रायफलीच्या बाबतीत दिलासा देणारे 'चेंबर रिकामे आहे' हे शब्द इथे निरर्थक ठरतात. त्याहून वाईट म्हणजे बोल्ट पुढे असतानाही, मॅगझिन लावलेले असेल तर, बोल्ट अर्धवट मागे ओढला जाऊन निसटला तरी गोळी सुटू शकते.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मी कोतात नवा होतो, ऐन श्रावणातली रात्र होती, आणि ताडपत्रीच्या हूडची जीप आवारात येऊन थांबली. मागून उतरणाऱ्या हवालदाराच्या खांद्याला कार्बाइन लटकत होती, मॅगझिन लावलेले, बोल्ट पुढे. हूड बांधायच्या दोरीचा एक फास लोखंडी कमानीवरून लोंबत होता आणि कॉकिंग हँडल त्यात अडकले. हवालदाराने मागे न बघता उतरता उतरता खांद्याला हिसका दिला. बोल्ट मॅगझिनच्या मागे गेला, पण सिअरपर्यंत, म्हणजे त्याला मागे अडकवून धरणाऱ्या दात्यापर्यंत, पोहोचला नाही. दोरी निसटली, बोल्ट पुढे आला आणि ताडपत्रीला भोक पडले. त्या भोकातून हवालदाराच्या टोपीवर पावसाचे थेंब पडू लागले तरी तो तसाच उभा होता. ट्रिगरला कोणाचेही बोट लागलेले नव्हते. चौकशीत सेफ्टी लावली होती की नव्हती, यावरच तास गेला. मॅगझिन का लावले होते, हे कोणी विचारले नाही. तेव्हापासून माझा आग्रह आहे की गाडीत कार्बाइनचे मॅगझिन पाऊचमध्येच असावे, बोल्ट पुढे असावा आणि सेफ्टीही लावलेली असावी. मॅगझिन लावून कॉक करायला सरावलेल्या हाताला जे दोन-तीन सेकंद लागतात तेवढी किंमत मी आनंदाने देईन.

रायफलींचे तसे नाही. एसएलआर, इन्सास किंवा एके जातीची रायफल गस्तीला निघताना मॅगझिन लावून, चेंबर रिकामे, हॅमर सुटलेला आणि त्या शस्त्रावर जमत असेल तर सेफ्टी लावून न्यावी. इथे बोल्ट पूर्ण मागे ओढून सोडल्याशिवाय काडतूस चेंबरमध्ये जात नाही, आणि तेवढी हालचाल गाडीच्या धक्क्याने होत नाही. एकेच्या उजव्या अंगाचा मोठा खटका वरच्या, म्हणजे सेफ स्थितीत असला की बोल्टची मूठ पूर्ण मागे येऊच शकत नाही. ही चांगलीच सोय आहे. पण त्याच खटक्याची एक खोडही शिकवली पाहिजे: सेफवरून खाली आणताना पहिला टप्पा ऑटोचा असतो आणि सिंगल शॉट त्याच्या खाली. घाईत अर्धवट खाली केलेला खटका एका गोळीऐवजी अनेक गोळ्या सोडतो. आमच्या वेळी एसएलआरवर शिकून आलेला माणूस एके हातात घेताच जुन्या सवयीने अंगठ्याने खटका शोधत बसायचा. तेव्हा ज्याच्या हातात जे शस्त्र द्याल त्यावरच त्याचा सराव झालेला असावा, ही साधी गोष्टही ड्युटीची यादी लावताना पाळली जात नाही.

तुमच्याकडची घटना मात्र रायफलीचीच आहे, आणि तुम्ही लिहिलेल्या तपशिलावरून मला एक दाट शंका येते. सुटी होण्याच्या घाईत त्या शिपायाने रायफल गाडीतच खाली करायला घेतली असावी आणि क्रम उलटा झाला असावा. मॅगझिन आधी काढायचे, मग बोल्ट ओढायचा, हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. पण मॅगझिन लावलेलेच असताना बोल्ट ओढला, की तो पुढे येताना वरचे काडतूस चेंबरमध्ये घालतो. मग मॅगझिन काढले जाते, हातात भरलेले मॅगझिन दिसते, मन म्हणते शस्त्र रिकामे, आणि खात्री म्हणून दाबलेला ट्रिगर गोळी सोडतो. परेडवर 'जाँच शस्त्र'सारखे शस्त्र तपासण्याचे हुकूम आपण हजारदा ऐकतो, पण परेडवर मॅगझिनमध्ये काडतुसे नसतात. हात त्या रिकाम्या सरावाला सरावतात आणि भरलेल्या मॅगझिनबरोबर तीच लय धरतात.

आपल्या हवेमुळे आणखी एक भर पडते. पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या स्थानकांत पितळी काडतूस दिवसेंदिवस त्याच शस्त्रात राहिले तर त्याच्यावर हिरवट थर चढतो, चेंबरला बारीक गंज धरतो आणि मोरजी-कळंगुटकडची रेती असेल तर विचारूच नका. अशा वेळी मॅगझिन काढून बोल्ट ओढला तरी काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची पकड सुटते आणि काडतूस आतच चिकटून राहते. बाहेर काही पडले नाही म्हणजे आत काही नव्हते, असा निष्कर्ष निघतो. म्हणून बोल्ट मागे अडकवून चेंबरमध्ये टॉर्चने पाहणे आणि करंगळीचे टोक घालून चाचपणे, हे दोन्ही करायचे. अंधारात, डोळ्यांवर झोप असताना, बोट डोळ्यांपेक्षा कमी फसवते.

पिस्तुलाकडे वळतो, कारण ते लहान म्हणून निरुपद्रवी वाटते. गाडीत पिस्तुलाची जागा होल्स्टर हीच, आणि होल्स्टर कमरेलाच. अडचण अशी, की आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो आणि अंमलदार त्याच्या डावीकडे. डावीकडच्या सीटबेल्टचे बक्कल नेमके अंमलदाराच्या उजव्या कमरेवर, म्हणजे होल्स्टरवरच येते. बेल्ट लागत नाही, मूठ टोचते, मग साहेब पिस्तूल काढून मांडीखाली, दाराच्या कप्प्यात किंवा डॅशबोर्डवर ठेवतात. वळणावर ते घसरते आणि सगळे जण ते पकडायला एकदम हात घालतात. घसरणारे पिस्तूल पडू द्यावे. पकडायला गेलेले बोट अनेकदा ट्रिगरवरच जाते. खरा उपाय मात्र होल्स्टरचा आहे: कडक, ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारे आणि बसल्यावर बक्कलच्या पुढे किंवा खाली येईल अशा उंचीचे. वापरून मऊ पडलेल्या चामडी होल्स्टरची कड आत दुमडते आणि पिस्तूल ढकलताना ट्रिगरवर दाब देते. ग्लॉकसारख्या, बाहेरून वेगळा सेफ्टीचा खटका नसलेल्या पिस्तुलाला ही दुमड पुरेशी आहे. जून ते सप्टेंबर आपण रेनकोट घालतो. त्याच्या नाडीच्या टोकाची प्लॅस्टिकची गोटी ट्रिगर गार्डमध्ये शिरणे हाही तसाच प्रकार. मी माझ्या लोकांना नाड्या कापून टाकायला सांगत असे. त्यांच्या बायका मला नावे ठेवत.

जुन्या 9 मिलिमीटर ऑटो पिस्तुलाची एक गंमत नव्या अधिकाऱ्यांना ठाऊक नसते. त्याच्या मूळ ब्राउनिंग हाय-पॉवरच्या रचनेत मॅगझिन काढले की ट्रिगर काम करत नाही. खाली केल्यावर हॅमर उतरवायचा तर मॅगझिन पुन्हा लावावे लागते, आणि हाताशी असते ते भरलेलेच. ते लावून कोणी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, हलवली की चेंबर भरलेच. त्यामुळे खाली करण्याच्या जागी एक रिकामे मॅगझिन लाल रंग लावून कायमचे ठेवावे.

आता बसण्याविषयी. इन्सासची लांबी 960 मिलिमीटर आणि एसएलआरची 1143 मिलिमीटर. बंद गाडीच्या मागच्या बाकावर एवढे लांब शस्त्र सरळ उभे राहत नाही, ते तिरपे होते, आणि समोरासमोर बाक असतील तर नळी समोरच्याच्या चेहऱ्याकडे जाते. पहाटे तीन-चारच्या सुमारास मी आणखी एक दृश्य वारंवार पाहिले आहे: रायफल दोन गुडघ्यांत उभी, तिच्या तोंडावर दोन्ही पंजे आणि पंज्यांवर टेकलेली हनुवटी, माणूस गाढ झोपलेला. इन्साससारख्या रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगाने निघते. पंजे, हनुवटी आणि गाडीचे छप्पर तिला सारखेच. नळी वर असावी की खाली, यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझे मत असे, की शस्त्र माणसाच्या हातात असेल तर नळी खाली, आपल्याच दोन पायांच्या पुढे तळाकडे, कारण धक्क्याने डोके पुढे येते, पाय येत नाहीत. आणि घोडीत असेल तर नळी वर, जिथे कोणाचे डोके नाही अशा कोपऱ्याकडे. घोडी म्हणजे तळाला दस्त्यासाठी वाटी आणि वर नळीसाठी रबर लावलेला कुलपी पट्टा. वर्कशॉपमध्ये ती सहज बनते. शस्त्र चोरीला जाऊ नये म्हणून सगळ्या रायफलींच्या ट्रिगर गार्डमधून एकच साखळी ओवून तिला कुलूप लावलेले मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिले आहे. ती साखळी आजच काढा. चोर्ला घाटाच्या वळणांवर तिचा प्रत्येक हेलकावा ट्रिगरवर जातो.

बोट ट्रिगरवर नसावे, हे तुम्ही शिकवत असालच. ते का पुरत नाही, हे अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉजर एनोका यांनी 2003 मध्ये चांगले मांडले. माणसाच्या इच्छेविना हाताची पकड तीन प्रसंगी आवळते: दुसऱ्या हाताने जोर लावला तर, तोल गेला तर, आणि दचकल्यास. गस्तीच्या गाडीतून उतरणारा शिपाई डाव्या हाताने अडकलेले दार ओढतो, ओल्या पायरीवर त्याचा बूट सरकतो आणि त्याच क्षणी मागून कोणी 'पळाला, पळाला' असे ओरडतो. तिन्ही प्रसंग एका सेकंदात. म्हणून बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, अंगाला लावून सरळ ठेवण्याची सवय गाडीतून चढ-उतार करतानाच घडवावी लागते. ड्रिलची, म्हणजे न उडणारी, काडतुसे घेऊन, स्वतःच्या गाडीत, रेनकोट आणि सीटबेल्टसह, महिन्यातून अर्धा तास पुरे. वाळपईच्या प्रशिक्षण शाळेतले मैदान सपाट आणि प्रशस्त आहे. तुमची गाडी तशी नाही.

घाटात किंवा नाक्यावर हत्यारबंद माणसे असल्याची पक्की खबर असेल तर चेंबर भरावे का, असेही तुम्ही विचारले आहे. भरावे, पण गाडीतून उतरल्यावर, नळी मोकळ्या दिशेला करून आणि पथकप्रमुखाच्या तोंडी हुकमावर. आणि परत चढण्यापूर्वी त्याच्याच समोर खाली करावे. चेंबर भरलेली रायफल घेऊन कोणीही पुन्हा गाडीत चढू नये. हा हुकूम द्यायला पथकप्रमुख विसरतो, कारण प्रसंग टळल्यावर सगळे सैल झालेले असतात. मी चालकावर ही जबाबदारी टाकत असे: 'सगळ्यांची शस्त्रे खाली झाली' हे ऐकल्याशिवाय त्याने गाडी सुरू करायची नाही.

पाळी बदलताना शस्त्रे गाडीत बसल्या बसल्या एकमेकांकडे देण्याची पद्धत तुमच्याकडेही असणार. ती बंद करा. शस्त्र बोल्ट उघडा ठेवून, बाहेर, कोत सांभाळणाऱ्याच्या समोर हातात द्यावे. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही चेंबर पाहावे.

शिक्षेबद्दल मी वरिष्ठांशी नेहमी भांडलो. गोळीने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचे कलम 106, आणि जीवित धोक्यात आले तर कलम 125, यांना सामोरे जावे लागते. तो कायद्याचा भाग झाला. पण शस्त्र खाली करताना नळी ज्यात धरतात त्या वाळूच्या पिंपात सुटलेल्या गोळीला आणि गाडीत सुटलेल्या गोळीला एकच निलंबन मिळत असेल, तर पिंपाकडे कोणी फिरकणार नाही. चुकून सुटलेली गोळी झेलण्यासाठीच तर ते पिंप ठेवलेले असते. पिंपात गोळी सुटली तर डायरीत नोंद करावी, काडतुसांचा हिशेब लावावा, शस्त्र तपासावे आणि त्या माणसाला त्याच आठवड्यात पुन्हा सरावाला बसवावे. तेवढेच. माझ्या कोताबाहेरच्या पिंपात काही वर्षांत मोजक्या गोळ्या सुटल्या, आणि त्या प्रत्येकीने मला कोणाचा क्रम कुठे चुकतो ते सांगितले.

पिंप बसवायचे तर 200 लिटरचे लोखंडी घ्या, जमिनीशी सुमारे 45 अंशांत तिरपे रोवा, पाठीमागे चिऱ्याची भिंत येईल अशी जागा निवडा आणि चाळलेली वाळू भरा. खडे राहू देऊ नका, गोळी त्यांवर आपटून उलटते. तोंडावर रबरी चकती लावून मध्ये नळी जाईल एवढे भोक ठेवा. वर पत्र्याचा आडोसा आणि एक दिवा हवा, कारण ते रात्री आठला आणि सकाळी आठला वापरले जाणार आहे. जागा गाडी उभी राहते तिथून दहा पावलांच्या आत असावी. लांब असेल तर पावसात कोणी चालत जाणार नाही, आणि शस्त्र पुन्हा गाडीतच खाली होऊ लागेल.